एर्मेनेजिल्दा कुलकर्णी

बँकेला फोन करायचा असला की मी आधी चहा करून घेते, कप हाताशी ठेवते आणि मगच नंबर लावते, कारण माझं नाव सांगून होईपर्यंत साधारण एक कप चहा संपतो. ई फॉर एडवर्ड, आर फॉर रॉबर्ट, एम फॉर मदर. पलीकडची मुलगी अकरा अक्षरं लिहून घेते आणि विचारते, "हे तुमचं फर्स्ट नेम आहे?" मी म्हणते, हो. "आणि कुलकर्णी?" ते सोपं आहे, मी म्हणते. मग शांतता. त्या शांततेत तिला कोण दिसत असतं ते मला पाठ आहे. काळा झगा, काळे मोजे, वरच्या ओठावर बारीक लव, कमरेला किल्ल्यांचा जुडगा आणि काखेत एक जिवंत कोंबडी. एर्मेनेजिल्दा म्हटलं की जगातल्या कुठल्याही माणसाला हीच बाई दिसते. इटलीत तर हे नाव ऐकून लोक आधी हसतात आणि मग सांगतात, माझ्या पणजीची एक मैत्रीण होती या नावाची, ती त्या काळातही म्हातारीच होती. चाळिशीला टेकलेली मी आता या बाईला सरावले आहे. पण सोळाव्या वर्षी मला तिचा इतका वैताग आला होता की तिला कायदेशीररीत्या घराबाहेर काढायचं मी ठरवलं होतं. हे प्रकरण त्या खटाटोपाचं.

तर आधी बारसं. माझे आईबाबा लग्नानंतर लगेच नागपूरहून इंग्लंडला आले आणि बेडफर्डमध्ये एका इटालियन जोडप्याच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्यानं राहिले. खाली कार्मेला आणि तिचा नवरा पास्क्वाले. तो जवळच्या विटांच्या कारखान्यात कामाला होता. ही दोघं माझी झिया आणि झिओ, म्हणजे आत्या आणि आत्याचे यजमान. सख्खी आत्या नागपुरात होती आणि बारशाला यायची होती, पण मी तीन आठवडे आधी जन्मले आणि सगळ्यांची तिकिटं चुकवली. बाराव्या दिवशी आईनं धुण्याच्या टोपलीला जरीची साडी गुंडाळून पाळणा केला, लंडनहून दोन मैत्रिणी बोलावल्या आणि घुगऱ्या शिजायला टाकल्या. आत्याचा मान कुणाला द्यायचा? बाबा म्हणाले, कार्मेलाताईंना. कळा सुरू झाल्यावर आईला विटांच्या धुळीनं माखलेल्या व्हॅनमध्ये घालून हॉस्पिटलात नेणारी आणि बाबा कामावरून पोचेपर्यंत तिचा हात न सोडणारी बाई तीच होती. तेव्हा झियाला समजावण्यात आलं की आमच्यात बाळाच्या कानात नाव आत्या सांगते. ठरलेलं नाव होतं मुग्धा. हे तिला बाबांनी सांगितलं असेल असं आईला वाटलं, आणि आईनं सांगितलं असेल असं बाबांना वाटलं. कोणीच सांगितलं नव्हतं. झियाला वाटलं, काय मोठ्या मनाची माणसं, घरमालकिणीला मुलीचं नाव ठेवायला सांगतात! ती रविवारचा पोशाख घालून वर आली, टोपलीवर वाकली, माझ्या कानात काहीतरी म्हणाली, आणि रीतीप्रमाणे दोन्ही मैत्रिणींनी "कुर्रर" करत तिच्या पाठीत धपाधप धपके घातले. झियाला वाटलं नाव ऐकू आलं नाही म्हणून मारताहेत. तिनं ताठ उभं राहून तेच नाव सगळ्या बेडफर्डला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं. एर्मेनेजिल्दा!

आईच्या हातातून घुगऱ्यांचं पातेलं निसटायचंच बाकी होतं. पण झिया रडत होती, हसत होती, सगळ्यांचे गाल ओढत होती, आणि बाबा हा माणूस असा की नियम एकदा लागला की सुटत नाही. "आत्यानं कानात सांगितलं ना? मग तेच नाव." आई म्हणाली, अहो, पण ती काय खरी आत्या आहे? बाबा म्हणाले, मान दिला की खरी. दोन दिवसांनी ते रजिस्ट्रारकडे जाऊन रीतसर नोंद करून आले. आई त्यांच्याशी घुगऱ्या संपेपर्यंत बोलली नाही, आणि त्या बऱ्याच उरल्या होत्या. नागपूरची आत्या तर कायमचीच रुसली. तिच्या पत्रांवर माझं नाव नुसतं "कु." असं असायचं आणि पुढे एक लांब रेघ. कितीतरी वर्षं मला वाटायचं की ती रेघ हेच माझं भारतातलं नाव आहे.

बाबांनी मात्र ते नातं शेवटपर्यंत निभावलं. मी चार वर्षांची असताना आम्ही मिल्टन कीन्सला स्वतःच्या घरात गेलो, पण दर भाऊबीजेला बाबा पंधरावीस राउंडअबाउट ओलांडून बेडफर्डला जायचे आणि झियाच्या स्वयंपाकघरात, आईनं मुद्दाम नेऊन ठेवलेल्या पाटावर मांडी घालून बसायचे. झिया त्यांना ओवाळायची. निरांजनाच्या जागी चर्चमधली लाल काचेतली मेणबत्ती, आणि ओवाळून झालं की बाबांच्या दोन्ही गालांवर दोन पापे. बाबा संकोचानं लालेलाल. मग जेवण. तिनं पुढच्याच वर्षीपासून घुगऱ्याही आपल्या खात्यात घेतल्या होत्या, लसूण आणि ऑलिव्ह तेल घालून. आई त्या तोंडात टाकायची आणि डोळे मिटायची. छान लागतात हे कबूल करणं तिच्या फार जिवावर यायचं.

आता माझ्या शाळेचं ऐका. बदली शिक्षक हजेरी घेताना माझ्यापाशी आला की श्वास घ्यायचा. त्या श्वासावरूनच मी "हिअर!" म्हणायचे, पण काही जण हट्टी असायचे. त्यांना पूर्ण म्हणून बघायचं असायचं. मागच्या बाकावरून "आर्मडिलो!" अशी, त्या कवचवाल्या प्राण्याच्या नावानं, हाक यायची आणि वर्ग खिदळायचा. सहा वर्षं मी आर्मडिलो होते. कोणी म्हणायचं, तू इटालियन आहेस का? नाही. मग आई इटालियन? नाही. मग? मग माझ्या आईबाबांनी एकमेकांना एक वाक्य विचारलं नाही, हे कसं सांगायचं? आपल्या माणसांत गेलं तर त्याहून कठीण. लंडनमध्ये हाउन्सलोच्या गणपतीला दर वर्षी एखादी नवी काकू माझी हनुवटी धरायची. "नाव काय गं बाळा?" मी सांगायचे. काकू वळून आईकडे फार सहानुभूतीनं बघायची आणि हळूच म्हणायची, "लव्ह मॅरेज का?" रविवारच्या मराठी वर्गात चार रिया होत्या. चारही रिया चापूनचोपून वेण्या घातलेल्या, सुटसुटीत, कीचेनवर नाव असलेल्या. मी दुकानात कीचेनचा स्टँड गोल गोल फिरवत उभी राहायचे. एमिली, एरिन आणि त्यांच्या पुढची जागा मला अजून डोळ्यांपुढे दिसते.

सोळा पूर्ण झाली की इंग्लंडमध्ये आपलं नाव आपण बदलू शकतो. आईबाबांची परवानगी लागत नाही. एक छापील मजकूर, आपली सही आणि एका साक्षीदाराची सही. मला ऑगस्टमध्ये सोळा पूर्ण झाली आणि सप्टेंबरात नव्या सिक्स्थ फॉर्म कॉलेजात, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीला, नाव नोंदवायचं होतं. तिथे मला कोणी ओळखत नव्हतं. तिथे आर्मडिलो जन्मायच्या आधीच मारता आला असता. मी लायब्ररीच्या कॉम्प्युटरवरून मजकूर छापून आणला, नवं नाव टाइप केलं आणि जेवणाच्या टेबलावर ठेवला.

आईनं वाचला आणि तिचा चेहरा असा उजळला की मला पहिल्यांदा अपराधी वाटलं. "सोळा वर्षं वाट बघितली गं मी! मुग्धा!"

"मुग्धा नाही, आई. रिया."

"रिया?" आई खुर्चीत बसली. "चार आहेत ना त्या वर्गात? पाचवी कशाला?"

"कारण त्या चौघींना कोणी काही विचारत नाही!"

"मग मुग्धाला कोण काय विचारणार आहे?"

"इथे? सगळेच! जी-डी-एच सलग आलं की ते घाबरतात!"

आई म्हणाली, या देशातल्या लोकांनी घाबरू नये म्हणून मी काय करू, आणि पोळ्या लाटायला निघून गेली. त्या पोळ्या फार जोरात लाटल्या गेल्या. बाबा इतका वेळ कागद वाचत होते. नियम म्हटलं की त्यांना तहानभूक राहत नसे. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "साक्षीदार नात्यातला चालत नाही, असं लिहिलंय. मग कार्मेलाताईंची सही घे. कायद्यानं त्या नात्यातल्या नाहीत."

"बाबा, त्यांचीच?"

"नाव त्यांनी ठेवलं. काढताना त्यांना सांगायला नको? आणि शनिवारी टोमॅटो आहेत. जायचंच आहे."

टोमॅटो म्हणजे वर्षभराच्या रश्श्याची बेगमी. दर ऑगस्टमध्ये झियाच्या मागच्या अंगणात पेट्यांनी टोमॅटो यायचे. धुवायचे, चिरायचे, शिजवायचे, मग हातानं फिरवायच्या यंत्रातून काढायचे. एका बाजूनं लाल रस, दुसरीकडून सालं आणि बिया. तो रस बाटल्यांत भरून, बाटल्यांभोवती जुन्या चिंध्या गुंडाळून, पत्र्याच्या मोठ्या पिंपात उकळायचा. पिंपाखाली लाकडं, पिंपाशेजारी खुर्ची टाकून झिओ. बाटल्या आत एकमेकींवर टकटक आपटायच्या आणि झिओ त्या आवाजावरून पाणी किती तापलं ते सांगायचा. त्या शनिवारी आई आली नाही. बाबा आले, बाही दुमडून चिरायला बसले आणि आता नाटक बघायला मिळणार म्हणून मनातून खूश होते, हे मी त्यांच्या सुरीच्या गतीवरून ओळखलं. झिया यंत्राचा दांडा फिरवत होती. कोपरापर्यंत हात लाल.

"झिया, एका कागदावर सही हवी होती," मी म्हणाले.

तिनं हात पुसले, गळ्यातला चष्मा लावला आणि ओठ हलवत वाचायला लागली. नाव ओलांडून पुढे गेली. मग तिचं बोट खाली गेलं आणि ती किंचाळली. "नात्यातली नसलेली? हे कोणी लिहिलं?"

"सरकारनं."

"सरकार माझ्या स्वयंपाकघरात आलं होतं का? हा माणूस," तिनं बाबांकडे लाल बोट रोखलं, "दर वर्षी माझ्यासमोर त्या एवढ्याशा लाकडावर बसतो, मी त्याच्या डोळ्यांसमोर मेणबत्ती फिरवते, ते काय वीज गेली म्हणून? मी आत्या आहे! मी खोट्या कागदावर सही करणार नाही."

बाबा टोमॅटोकडे बघत म्हणाले, "मुद्दा बरोबर आहे, ताई."

माझा तिथे स्फोट झाला. बाबांनीच पाठवायचं आणि बाबांनीच मान डोलवायची! मी सगळं बोलले. हजेरी, आर्मडिलो, काकू, कीचेन, कु. आणि रेघ. कधी इंग्रजीत, कधी मराठीत. म्हटलं, तुला इतकं आवडतं हे नाव तर स्वतःच्या घरात कोणाला का नाही ठेवलंस?

"आवडतं?" झिया दांडा सोडून उभी राहिली. "मादोन्ना! मला? ते माझ्या सासूचं नाव आहे!"

बाबांची सुरी थांबली. सोळा वर्षांत हे त्यांनाही माहीत नव्हतं.

"आमच्या गावात पहिल्या मुलीला नवऱ्याच्या आईचं नाव द्यावंच लागतं," झिया सांगायला लागली. "मला दिवस राहिले की रोज प्रार्थना करायची, मुलगा दे. देवानं तीनदा ऐकलं. तीन मुलगे! तरी पास्क्वालेच्या बहिणी दर ख्रिसमसला फोनवर विचारायच्या, अजून एर्मेनेजिल्दा नाही का? अजून नाही का? मग एक दिवस तुम्ही लोक मला वर बोलावता, एक गोरीगोमटी मुलगी माझ्या तोंडासमोर धरता आणि म्हणता, सांग नाव. मी काय करणार होते? तुझं नाव ठेवलं, खाली आले आणि गावाला फोन लावला. म्हटलं, झाली एकदाची! आता मला सुखानं जगू द्या."

वर्षानुवर्षं मला वाटत होतं की माझं नाव म्हणजे प्रेमाची, जड, नको असलेली भेट आहे. आता कळलं की मी सासूचं नाव टाकायची जागा होते. मला इतका राग आला की त्यात हसूही आलं, आणि बाबा तर चक्क पदर असता तर तोंडाला लावला असता असे हसत होते.

"बदल, बदल," झिया पुन्हा दांड्याला भिडली. "माझी हरकत नाही. पण सही पास्क्वालेची घे. आणि त्याला तूच सांग. मी सांगणार नाही."

झिओ पिंपाशेजारी बसला होता. विटांच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, कमी बोलणारा माणूस. मी जवळ गेले की नेहमी तो माझं नाव पूर्ण घ्यायचा, एकही अक्षर न गाळता, सावकाश. तसंच त्यानं घेतलं. मी कागद त्याच्या गुडघ्यावर ठेवला आणि एका दमात सांगून टाकलं. तो रागावला नाही. म्हणाला, "आईलाही ते कोणी म्हणत नसे. तिला सगळे नीना म्हणायचे."

"मग एर्मेनेजिल्दा कोण म्हणायचं?"

"कोणीच नाही. ती म्हणायची, हे नाव रोजच्यासाठी नाही. चांगला टेबलक्लॉथ असतो ना, तसं. पाहुणे आले की काढायचं." त्यानं पिंपाखाली एक लाकूड सारलं. "एवढे मोठे पाहुणे कधी आलेच नाहीत. ती गेली तेव्हा मी इथे होतो. नंतर गावाला गेलो तर कबरस्तानात मला आई सापडेना. मी नीना शोधत होतो. दगडावर कोणी दुसरीच बाई. दोनदा तिच्यासमोरून गेलो."

बाटल्या आत टकटक करत होत्या. मी बडबडले, की मी तर तो टेबलक्लॉथ शाळेत नेला, त्यावर चिप्स सांडल्या. त्याला ते फारच आवडलं. शाळेत मोठ्यानं म्हणतात? हो, चुकीचं, पण मोठ्यानं. दवाखान्यात नर्स सगळ्यांसमोर पुकारते? पुकारते. लंडनच्या तुमच्या देवळातही? तिथे तर माईकवर म्हटलंय एकदा, बक्षीस होतं. तो प्रत्येक उत्तराला मान हलवत होता, जणू मी त्याच्या आईच्या प्रवासाची हकिकत सांगत होते. मग त्यानं चष्मा लावला आणि कागद वाचायला घेतला. मजकुरात एक वाक्य होतं, की मी माझ्या पूर्वीच्या नावाचा पूर्णपणे त्याग करीत आहे. इंग्रजीत तिथे रिनाउन्स असा शब्द होता. झिओचं बोट त्यावर थांबलं.

"हा शब्द चर्चमधला आहे," तो म्हणाला. "बाप्तिस्म्याला पाद्री विचारतो. सैतानाचा त्याग करता का? आपण म्हणायचं, करतो." तो थोडा हसला. "तिथे सैतान. इथे माझी आई."

मग त्यानं खिशातून पेन काढलं आणि साक्षीदाराच्या रेघेवर, एकेक अक्षर विटेसारखं नीट बसवत, सही केली. पेन माझ्यापुढे धरलं. माझी रेघ त्याच्या वरची, कोरी. मी म्हटलं, हात लाल आहेत, घरी करते. माझे हात स्वच्छ होते. मी सबंध दिवसात एकही टोमॅटो चिरला नव्हता.

परतताना बाबांनी एकही प्रश्न विचारला नाही, आणि त्यांच्या न विचारण्यानं माझं डोकं उठलं. घरी आई दारातच होती. दिवसभर तिनं स्वतःचं मन वळवलं होतं. "ये, रिया," ती फार गोड म्हणाली, "ठीक आहे, रिया तर रिया." माझ्या घरात कोणालाही वेळेवर काहीही करता येत नाही, याचा हा आणखी एक पुरावा. मी कागद ड्रॉवरमध्ये ठेवला. सोमवारी सही करू. मंगळवारी करू. दर वेळी वाचताना त्या एका शब्दाशी यायचे आणि पिंपाशेजारचा तो म्हातारा आठवून चिडून कागद मिटायचे. त्याग करायला काहीतरी आपलं हवं. हे नाव तर मी आत्ता कुठे बघत होते. सगळ्या खानदानात ते अंगाला लावणारी मी पहिलीच होते.

कॉलेजच्या हॉलमध्ये नोंदणीची लांब रांग होती. टेबलामागच्या बाईंनी माझे जीसीएसईचे, म्हणजे दहावीसारख्या परीक्षेचे, निकाल घेतले, वरच्या ओळीवर अडकल्या आणि फार प्रेमळपणे म्हणाल्या, "कसं म्हणायचं हे, लव्ह?"

मी सांगितलं. सावकाश, एकही अक्षर न गाळता. मागच्या दोन मुलींनी मान वळवून बघितलं.

"बापरे," त्या म्हणाल्या. पेन बॅजवर थांबलं होतं आणि बॅज छोटा होता. "सगळे हाक मारतात ते एखादं लहान नाव आहे का? तेच लिहिते."

"आहे," मी म्हणाले. "नीना. पण सगळं लिहा. दुसरा बॅज जोडावा लागला तरी चालेल."